मडक्यात शिजणारं मीठ : फिलिपिन्समधल्या एका किनारी गावाची ओळख

‘देशोदेशीचं स्वयंपाकघर’ या आपल्या मालिकेत आज फिलिपिन्सला जाऊ या. गल्फमध्ये नोकरी करून आलेल्या आपल्यातल्या कित्येकींना फिलिपिना मैत्रिणी असतील. दवाखान्यात नर्स, दुकानात सेल्सगर्ल, घरकामाला मदतनीस. पण त्या ज्या गावांतून येतात, ती गावं कशी असतात, तिथे काय पिकतं, काय शिजतं, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. म्हणून आज मनिलासारखं मोठं शहर बाजूला ठेवून एका छोट्या किनारी गावाबद्दल बोलणार आहे. गावाचं नाव आल्बुरकेर्के. उच्चारायला अवघड वाटलं तर काळजी नको, तिथले लोकही त्याला नुसतं ‘आल्बुर’ म्हणतात.

फिलिपिन्स म्हणजे सात हजारांहून जास्त बेटांचा देश. त्याच्या मधल्या बेटांना विसाया म्हणतात आणि त्यातलं एक बेट बोहोल. या बोहोल बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, टागबिलारान या मुख्य शहरापासून साधारण बारा किलोमीटरवर आपलं आल्बुर आहे. किनाऱ्याच्या रस्त्याने निघालं की आधी बाक्लायोन लागतं, मग आल्बुर आणि पुढे लोआय, जिथे लोबोक नदी समुद्राला मिळते. कागदोपत्री आल्बुर ही नगरपालिका आहे, पण ‘नगर’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते तिथे नाही. लोकवस्ती अकरा हजारांच्या आसपास. नगरपालिकेचे अकरा भाग, त्यांना ‘बारांगाय’ म्हणतात. बारांगाय म्हणजे साधारण आपली वाडी किंवा ग्रामपंचायत समजा. एका बाजूला समुद्र, खाजण, तिवरं, निपाची झाडं, आणि दुसऱ्या बाजूला नारळीची बागायत. चित्र आपल्या कोकणापासून फार लांबचं नाही.

ही नावं स्पॅनिश कशी, असं वाटेल. स्पेनने फिलिपिन्सवर तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं. गावांची नावं, माणसांची आडनावं, धर्म, सणवार या सगळ्यावर त्याची छाप राहिली. स्पेनमध्येही आल्बुरकेर्के नावाचं गाव आहे. आपल्या आल्बुरचं चर्च संत मोनिकाचं. मोनिका ही संत ऑगस्टीनची आई. मुलगा वाट चुकला म्हणून वर्षानुवर्षं प्रार्थना करत राहिलेली ही बाई पुढे आयांची संत मानली गेली. गंमत अशी की आल्बुरमधल्या एका बारांगायचं नाव सान आगुस्तिन आहे. म्हणजे आई गावाच्या देवळात आणि लेक शेजारच्या वाडीत!

या बेटाने अलीकडे दोन मोठे तडाखे सोसले. १५ ऑक्टोबर २०१३ रोजी बोहोलला ७.२ क्षमतेचा भूकंप झाला आणि शे-दोनशे वर्षांची दगडी चर्चं ढासळली. मग डिसेंबर २०२१ मध्ये ‘ओडेट’ नावाचं वादळ आलं. घरांवरची छपरं गेली, नारळी मोडल्या, कित्येक आठवडे वीज नव्हती. निसर्ग आणि तौक्ते वादळांत ज्यांच्या माडाच्या बागा आडव्या झाल्या, त्या रायगड-रत्नागिरीच्या मैत्रिणींना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. नारळ परत लावला तरी फळ यायला किती वर्षं वाट पाहावी लागते, हे त्या जाणतात.

आता ताटाकडे येऊ. बोहोलचं रोजचं जेवण म्हणजे भात आणि मासे. इथवर आपलंच. ताजा मासा तीन तऱ्हांनी खातात. निखाऱ्यावर भाजला की ‘सिनुग्बा’. आलं, कांदा, टोमॅटो घालून पातळ सार केलं की ‘तिनुवा’. आणि कच्च्या माशाचे तुकडे आंबट शिरक्यात मुरवले की ‘किनिलाव’. हा शिरका नारळाच्या ताडीचा असतो. माडाची ताडी काढणं तिथेही जुना धंदा आहे, तिला ‘तुबा’ म्हणतात. ती आंबत ठेवली की शिरका होतो. बारीक मासळी मिठात मुरवून ‘गिनामोस’ करतात, त्याचा वास आपल्या सुक्या बाजारासारखा लांबूनच हाक मारतो. भात बरोबर न्यायचा असेल तर माडाच्या कोवळ्या पातीची छोटी थैली विणतात, तिच्यात तांदूळ भरतात आणि ती थैलीच पाण्यात उकळतात. त्याला ‘पुसो’ म्हणतात. डबा नको, ताट नको.

बोहोलचं एक कंदमूळ फार मानाचं आहे. ‘उबी किनाम्पाय’ नावाचा हा जांभळा, सुवासिक कोनफळासारखा कंद. बोहोलमध्ये अशी रीत आहे की उबी हातातून खाली पडला तर तो उचलून त्याचं चुंबन घ्यायचं, जणू त्याची माफी मागायची. दुष्काळात याच कंदाने लोकांना जगवलं अशी तिथली आठवण आहे. आपण नाही का, अन्नाला पाय लागला की हात लावून नमस्कार करतो? तसंच ते.

गोडाचे पदार्थ गावागावांचे वेगळे. शेजारच्या बाक्लायोनचे ‘ब्रोआस’, म्हणजे अंड्याची लांबट, हलकी बिस्किटं. जाग्ना गावचं ‘कालामाय’, म्हणजे चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि काळी साखर घोटून केलेला चिकट हलवा. तो करवंटीच्या दोन वाट्यांत भरून, वर लाल कागदाची पट्टी लावून बंद करतात. गोव्याचं दोदोल ज्यांनी खाल्लंय त्यांना त्याची चव कळेल.

आणि आल्बुरचं काय? आल्बुरची खासियत गोड नाही, ती खारट आहे. आल्बुरचं मीठ.

या मिठाचं नाव ‘आसिन तिबुओक’. आसिन म्हणजे मीठ आणि तिबुओक म्हणजे अखंड. खरोखरच हे मीठ अखंड असतं. दिसायला नारळाएवढा, करड्या-पांढऱ्या रंगाचा दगडासारखा गोळा आणि त्याला अजून मडक्याची कड चिकटलेली. आता त्याला ‘डायनोसॉरचं अंडं’ असं टोपणनाव पडलंय. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना हे नाव ऐकून हसू येत असेल.

आपल्याकडे मीठ कसं करतात ते आठवा. उरण, पेण, पालघर, शिरोडा. मिठागरात भरतीचं पाणी घ्यायचं, कोंडीतून कोंडीत फिरवायचं, उन्हाने पाणी उडून जातं आणि फळीने ओढून मिठाच्या राशी करायच्या. आपल्याला हे जमतं, कारण पावसाळा संपला की आपल्याला पुढे सात-आठ महिने कोरडं ऊन मिळतं. बोहोलमध्ये पाऊस वर्षभर थोडाथोडा येतच राहतो. नुसत्या उन्हाच्या भरवशावर मीठ पिकवायचं तर मधेच सर यायची आणि सगळं पाण्यात जायचं. मग तिथल्या लोकांनी उन्हाच्या जोडीला आग घेतली आणि आगीसाठी नारळ.

कृती सांगते, नीट ऐका, कारण तिच्यात फार शहाणपण आहे.

आधी नारळाची सोडणं गोळा करायची. ती खाजणातल्या खड्ड्यांत टाकायची, जिथे भरतीचं पाणी येतं-जातं. तिथे ती तीन-तीन महिने, कधी त्याहून जास्त भिजत राहतात. आपल्याकडे काथ्यासाठी सोडणं खाऱ्या पाण्यात कुजत घालतात ना, अगदी तसंच. फरक इतकाच की आपल्याला हवा असतो धागा आणि त्यांना हवं असतं धाग्यात मुरलेलं मीठ. सोडण म्हणजे जणू स्पंज. रोजच्या भरतीला ते खारं पाणी पीत राहतं.

मग ती सोडणं बाहेर काढून तोडायची आणि उन्हात वाळवायची. वाळली की त्यांची रास करून पेटवायची. भडका होऊ द्यायचा नाही, धुमसत ठेवायची. मधूनमधून वरून समुद्राचं पाणी शिंपडायचं. ही रास दिवसचे दिवस जळत राहते आणि कुणीतरी सतत राखणीला बसावं लागतं. शेवटी उरते खारट राख. तिला ‘गासांग’ म्हणतात.

पुढची पायरी गाळण्याची. बांबूच्या मोठ्या शंकूसारख्या टोपलीत ही राख दाबून भरायची आणि वरून पुन्हा समुद्राचं पाणी ओतायचं. खालून थेंबथेंब निथळतं ते राखेतलं मीठ बरोबर घेऊन आलेलं घट्ट खारं पाणी, ‘तासिक’. इथे त्यांची हुशारी बघा. नुसतं समुद्राचं पाणी उकळत बसलं तर एक लिटर पाण्यातून पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ मिळतं. लाकडं जाळून जीव जायचा! आधीच घट्ट केलेलं पाणी चुलीवर चढवलं की जळण वाचतं.

शेवटची पायरी मडक्यांची. लांबलचक चुलाण्यावर मातीची मडकी ओळीने मांडतात आणि त्यांत तासिक ओततात. पाणी आटलं की पुन्हा भर, आटलं की पुन्हा भर, असं तासन् तास चालतं. हळूहळू मडकं तळापासून काठापर्यंत घट्ट मिठाने भरतं. तापून तापून मडक्याचा तळ तडकतो, खापऱ्या गळून पडतात आणि आतला पांढरा गोळा उघडा होतो. म्हणजे एका गोळ्यामागे एक मडकं गेलं. पुढच्या खेपेला नवीन मडकं लागणार.

म्हणून या मिठामागे एका गावाचे किती हात आहेत ते मोजा. बागायतदार सोडणं देतो, कुणी खाजणात खड्डे राखतं, कुणी लाकूडफाटा आणतं, कुणी टोपल्या विणतं. मडकी घडवणारे हात वेगळेच. बोहोलमध्ये मातकामाची जुनी परंपरा आहे आणि विसाया बेटांवर थापी आणि दगडाने मडकी घडवणं हे बहुतेक करून बायकांचं काम राहिलेलं आहे. चुलाण्यापुढे पुरुष दिसतो, फोटोही त्याचाच निघतो. पण मडकं नसेल तर मीठ कशात शिजणार?

पूर्वी हे मिठाचे गोळे घेऊन माणसं आतल्या गावांत जात आणि बदल्यात भात आणत. पैशाचं काम नव्हतं. घरात गोळा आला की तो कित्येक महिने पुरे. किसून, खरवडून गरम भातावर घ्यायचा. पेजेत किंवा सारात तुकडा क्षणभर बुडवायचा आणि पुन्हा काढून ठेवायचा. चव थोडी धुरकट, समुद्री मिठापेक्षा सौम्य. आपल्याकडे पेजेबरोबर मिठाचा खडा आणि लोणचं असलं की जेवण झालं म्हणायचे, तशीच ही गरिबाच्या घरची चव.

मग हे मीठ जवळजवळ संपलं कसं? इथून पुढचं ऐकताना मात्र घाईने कुणाची बाजू घेऊ नका.

पहिलं कारण साधं आहे. बाहेरचं मीठ स्वस्तात येऊ लागलं. फिलिपिन्सला ३६ हजार किलोमीटरहून लांब समुद्रकिनारा आहे, तरी आज त्या देशाला लागणारं बहुतेक मीठ परदेशातून येतं. महिनोन्महिने राबून केलेला गोळा त्या स्वस्त पिशवीपुढे कसा टिकणार? दुसरं कारण म्हणजे तरुण पोरं-पोरी. धुरात डोळे चोळत बसण्यापेक्षा शहरात किंवा परदेशात नोकरी बरी, असं त्यांना वाटलं तर त्यांची चूक नाही.

तिसरं कारण कायद्याचं. डिसेंबर १९९५ मध्ये फिलिपिन्सने कायदा केला की खाण्याच्या मिठात आयोडीन असलंच पाहिजे. कायद्याचं लघुनावही त्यांनी ‘आसिन’ ठेवलं. आयोडीन मिसळायला यंत्रं लागतात, तपासणी लागते, आणि मडक्यातल्या अखंड गोळ्यात ते सगळीकडे सारखं मिसळणार तरी कसं? छोट्या मीठकऱ्यांना ते परवडलं नाही. आधीच डगमगणारा धंदा आणखी खाली गेला आणि बोटांवर मोजण्याइतकी घरंच उरली.

आता वाटेल, काय दुष्ट कायदा! पण मैत्रिणींनो, थांबा. तो कायदा ज्यासाठी केला तो प्रश्न आपल्याच पोटचा आहे. आयोडीन कमी पडलं की गळ्याला गाठ येते, गलगंड होतो, हे आपण शाळेत शिकलो. पण खरं नुकसान दिसत नाही. गरोदरपणी आईला आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. चिमटीच्या हजाराव्या भागाहून कमी, पण ते रोज हवं. आणि समुद्राच्या मिठात ते आपोआप पुरेसं असतं, हा मोठा गैरसमज आहे. समुद्रातल्या माशांत, शेवाळात आयोडीन असतं, पण मीठ वाळताना, उकळताना ते जवळजवळ राहतच नाही. म्हणूनच आपल्याकडेही २००६ पासून थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे आणि आपल्या आगरांतल्या लहान मिठागरवाल्यांनाही त्याची झळ बसली.

म्हणजे एका पारड्यात शेकडो वर्षांचं कसब आणि दुसऱ्या पारड्यात जन्माला येणारी लेकरं. दोन्ही खरी. मला वाटतं, चूक आयोडीनमध्ये नव्हती. चूक अशी झाली की मोठ्या कारखान्याला आणि मडक्यात मीठ शिजवणाऱ्या माणसाला एकच मोजपट्टी लावली. घरोघरी रोज लागणारं मीठ आयोडीनचंच हवं, याबद्दल वाद नाही. पण वर्षाकाठी मोजके गोळे करणाऱ्या घराला वेगळी वाट काढून देता आली असती. ते मीठ वरून घ्यायचं, चवीपुरतं, असं लेबलावर स्पष्ट लिहून विकता आलं असतं.

आता ती वाट उशिरा का होईना दिसू लागली आहे. आल्बुरमधल्या एका जुन्या मीठकरी घराण्याने आपली बंद पडलेली चुलाणं पुन्हा पेटवली. लुप्त होत चाललेल्या खाद्यपदार्थांच्या ‘स्लो फूड’च्या जागतिक यादीत या मिठाचं नाव गेलं. परदेशातले नावाजलेले आचारी ते मागवू लागले. २०२३ मध्ये युनेस्कोने बोहोल बेटाला जागतिक भू-उद्यानाचा दर्जा दिला. २०२४ मध्ये फिलिपिन्सने देशातला मीठधंदा उभा करण्यासाठी नवा कायदा केला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्कोने आसिन तिबुओकचं कसब ‘तातडीने जपण्याची गरज असलेल्या’ वारशाच्या यादीत घेतलं. ती बैठक कुठे झाली माहीत आहे? आपल्या दिल्लीत, लाल किल्ल्यात. त्याच बैठकीत आपल्या दिवाळीलाही जागतिक वारशाचा मान मिळाला. आपण दिवाळीच्या बातमीने खूश झालो, पण त्याच दिवसांत त्याच मंडपात आल्बुरच्या मडक्यातल्या मिठाचंही नाव वाचलं गेलं.

आनंदाची गोष्ट आहे, पण एक प्रश्न उरतोच. आज हा गोळा साध्या मिठाच्या कित्येक पट किमतीला विकला जातो. मीठकऱ्याला चार पैसे मिळायलाच हवेत, त्याच्या श्रमाची ती किंमत आहे. पण ज्या घरांत पूर्वी हा गोळा पेजेत बुडवून खायचे, तिथे आता तो परवडेल का? आणि परदेशातल्या दुकानात जी किंमत लागते तिच्यातलं मडकं घडवणारीच्या पदरात किती पडतं? वारसा जपला असं कधी म्हणायचं? यादीत नाव गेलं तेव्हा, की त्या गावातली मुलगी हे काम करून घर चालवू शकली तेव्हा? मला विचाराल तर दुसरं.

आपल्यासाठी यातून दोन कामाच्या गोष्टी सांगते आणि थांबते.

एक, आपल्या घरातलं मीठ. हल्ली सैंधव, गुलाबी मीठ, काळं मीठ यांची फार चलती आहे. चवीला वापरा, उपासाला वापरा, पण रोजच्या आमटी-भाजीला आयोडीनचं मीठ सोडू नका. घरात गरोदर सून, लेक किंवा लहान मूल असेल तर मुळीच नको. पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघून घ्या. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. शक्यतो पदार्थ होत आल्यावर घाला, म्हणजे आयोडीन कमी उडेल. आणि कोणतंही मीठ असो, दिवसाला माणशी एका छोट्या चमच्याच्या आत, म्हणजे पाच ग्रॅमहून कमी. पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी धरून बरं का!

दुसरी गोष्ट आपल्या गावाची. १९३० साली शिरोड्याला मिठासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या. आज आपल्या किनाऱ्यावरची किती मिठागरं चालू आहेत, किती बुजली, तिथे राबणाऱ्या बायकांना काय मजुरी मिळते, हे आपल्यातल्या किती जणींना सांगता येईल? तुमच्या गावात मीठ, काथ्या, मडकी, टोपल्या असं काही करणारी आजी असेल तर तिच्याजवळ बसा. कृती लिहून घ्या, शब्द लिहून घ्या. कोणत्या महिन्यात काय करायचं, हाताला कसं कळतं, सगळं विचारा. आणि तिची वस्तू विकत घेताना घासाघीस करू नका. आल्बुरमध्ये मीठ करणारी मोजकीच घरं उरली तेव्हा जगाला जाग आली. आपल्याकडे ती वेळ यायच्या आधी आपण जागं होऊ या.